झीज

सुभाषनगरात माझ्या टपरीवर
चपला कमी झाल्या, बॅटी वाढल्या.
आरी तीच, मेण लावलेला दोरा तोच.
कातडं शिवणारा हात आता
विलोचं भेगाळलेलं अंग बांधतो.

संध्याकाळी बाकड्यावर पंचायत भरते:
तौफिक शिकलगार मोठा, का यशोधन मांगोरे?
फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या गावात
क्रिकेटवरून एवढी भांडणं
या दोघांनीच लावली.

पतसंस्थेतला घेवारी वहीच काढतो,
"यशोधन. सरासरी बावन्न.
चाळीस षटकांच्या सामन्यात बावन्न! बोला आता."
दूधवाला सर्जा उठून उभा राहतो,
"आणि शंभर चेंडूंत किती? एकाहत्तर.
म्हशीची धार काढतोय व्हय तिथं?
आमचा तौफ्या बघा, शंभराला एकशे नऊ,
जाळ आणि धूर संगटच!"
"आणि सरासरी चौतीस, ते कोण सांगणार?"
"चौतिसात मॅच फिरती, भावा.
बावन्नात तुझी पतसंस्था चालती."

मी बोलत नाही. सरस थंड व्हायच्या आत
काम उरकायचं असतं.

चपलेनं मला एवढंच शिकवलं,
माणूस चालतो कसा, हे त्याला विचारू नये.
चप्पल उलटी करावी.

यशोधनच्या बॅटीवर लाल ठसे
सगळे तळहाताएवढ्या जागेत,
पाच मोसम त्याच जागेत.
कडा अशा कोऱ्या, की त्यावरून हात फिरवताना
परक्याच्या देवघरात शिरल्यासारखं होतं.
तौफिकच्या बॅटीवर ठसा नाही अशी जागा दाखवा.
कडेला, खांद्यावर, एक तर पाठीवर.
तो कसा उठला, विचारलं,
तर म्हणाला, "मामा, मलाबी बघायचं होतं."

पण मूठ सोडवली, की गोष्ट बदलते.
तौफिकची कोरडी. पोर झोपेत खुळखुळा धरतं
तशी सैल धरलेली.
यशोधनची दर तीन आठवड्यांनी बदलावी लागते,
रबराखालचा दोरा घामानं कुजलेला,
नखानं खरवडलं तर मीठ निघतं.
बावन्नच्या खालचं हे मीठ
घेवारीच्या वहीत नाही.

आणि टोक.
यशोधनचं टोक घासून घासून तिरकं झालेलं,
निम्मं स्वतःच्या धावांसाठी, निम्मं दुसऱ्याच्या.
तौफिकचं, दुकानातून आणलं तसं.
पळायचं कशाला? चेंडू पळतोय की.

फायनलला मी गेलो नव्हतो.
शास्त्रीनगरच्या मैदानावरून आरडाओरडा आला,
मग एकदम काहीच आलं नाही.

सोमवारी दोन्ही बॅटी माझ्या पुढ्यात.
दोन चेंडू, पाच धावा, असं सर्जा सांगत होता.
तौफ्यानं मारला, सीमेवर अडला,
आणि तो, जन्मात न पळालेला,
तिसरी धाव पळाला.
शेवटचा चेंडू यशोधनला मिळावा म्हणून?
घेवारी म्हणतो, हो. सर्जा म्हणतो, छे, नुसतं विसरला.
बॅटीच्या टोकाला चुन्याची पांढरी फक्की,
एक चिपळी उडालेली.
एवढंच मी सांगू शकतो.

यशोधनच्या कडेवर, अंगठ्याएवढा,
लाल, ओलसर वाटावा इतका ताजा ठसा.
एका धावेनं हरलो.
"मामा, एवढी कड तासून द्या," म्हणाला,
आणि पैसे आधीच ठेवून गेला.

"आता तरी सांगा, मोठा कोण?"
बाकड्यावरून दोघंही एकदम.
मी म्हटलं, उठा, फळी घालायचीय.

फळी घातली. आत दिवा आहे.
घासकागद हातात घेऊन
मघापासून बसलोय.
ठसा अजून तिथंच आहे.